सशांच्या खोलीतले मामा

मामा कुठेही जायला उठले की आधी दोन्ही हात कानांवर नेत. पाळीपासून बोटे हळूहळू वर सरकवत, जशी आई मुलाचे विस्कटलेले केस सारखे करते तशी. इथपर्यंत त्यात विशेष काही नाही. पण मामांचे हात कान संपले तिथे थांबत नसत. मुंडाशाच्या कडेवरून ते वर हवेत जात, वीतभर तरी, आणि तिथे कशाचे तरी टोक सापडल्यासारखी बोटे मिटत. मग मामा समाधानाने म्हणत, "हां. चला."

तुम्ही अशा कुणाबरोबर काम केले असेल तर तुम्हाला माहीत असेल, पहिले चार-आठ दिवस हसू येते. मग आपल्याला त्याची सवय होते आणि आपण पाहायचे सोडून देतो. आम्हीही सोडून दिले होते. दिवसभर सशांचे कान कुरवाळणारा माणूस, त्याला लागली असेल सवय, असे आम्ही धरून चाललो.

चिंचवडच्या बाजूला तेव्हा नुकतेच कारखाने उभे राहत होते. ज्वारीच्या रानात मध्येच एखादी लांब पत्र्याची शेड दिसे, तिच्यापुढे सायकलींची रांग, आणि शेडच्या मागे पुन्हा ज्वारी. आमचा कारखाना त्यांतलाच एक, लहानसा. सलाइन आणि इंजेक्शने बाटल्यांत भरण्याचा. आज तो नाही. मी बी.एस्सी. होऊन तिथल्या तपासणी खात्यात लागलो होतो. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मीच पहिला. वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. हेडमास्तरांनी फी माफ केली नसती आणि पुण्याच्या एका वसतिगृहाने दोन वेळा जेवू घातले नसते, तर मीही आज कुठल्या तरी कचेरीबाहेर स्टुलावर बसलो असतो. त्यामुळे डिग्रीचा मला फार अभिमान होता, आणि तो अभिमान कारखान्याने पहिल्याच आठवड्यात ओळखला. मला नावाने कोणी हाक मारीत नसे. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे 'ओ बीएस्सी' म्हणत. फक्त मामा त्याला 'साहेब' जोडीत.

आमच्या खात्याचे एक काम सशांशी होते. शिरेतून द्यायच्या औषधात ताप आणणारा काही अंश राहिला आहे की काय, हे त्या काळी सशावर पाहत. सशाला लाकडी पेटीत बसवायचे, मान तेवढी बाहेर. कानाच्या शिरेत औषध टोचायचे आणि थोड्या थोड्या वेळाने अंगातला ताप मोजायचा. ताप चढला तर तो माल बाद. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. ससा मुळातच माणसापेक्षा उबदार असतो. तो धडधाकट असतानाच त्याचे अंग एकशे दोनच्या वर असते. म्हणजे माणसाला जो ताप, ती सशाची तब्येत.

मामा या सशांना सांभाळीत. मूळचे मोशीचे. इंद्रायणीच्या काठाला थोडी जमीन होती, ती थोरला भाऊ करी. मामांची बायको लवकर गेलेली. एकुलती मुलगी हौसा, ती त्यांनीच वाढवली आणि साताऱ्याकडच्या एका मुलाला दिली. तो आमच्या बॉयलरवर फिटर होता. त्यानेच सासऱ्याला इथे चिकटवले. तो 'मामा' म्हणे, म्हणून सगळा कारखाना मामा म्हणू लागला.

फिटर तोंडाचा तिखट होता. खाकी कपड्यांना कडक इस्त्री, मिशीला पीळ. बॉयलरवरचा माणूस चुकला तर त्याच्या आजोबांपर्यंत जाई. मामा त्याच्यासमोर कधी बसत नसत. तो सशांच्या खोलीवरून नुसता गेला तरी उठून मुंडासे नीट करीत आणि "जावईबापू" म्हणून भिंतीला लागून उभे राहत.

एरवी मामा गमतीचे होते. मळ्यातून लसूणघासाचा भारा आला की सशांना टाकण्याआधी एक काडी स्वतःच्या दाताखाली धरून पाहत.

"आज कडू हाय. आमी न्हाई खायचो."

पॅकिंगमधला काशिनाथ दारातच उभा असे. त्याला मामांची फिरकी घेतल्याशिवाय दिवस जात नसे. "मामा, मीठ-मिरची देऊ का लावून?"

"मीठ नको राव. पोट फुगतं," मामा अगदी मनापासून सांगत.

एकदा मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब आले होते. अंगणात त्यांना सगळे दाखवीत आम्ही उभे असताना वर घार फिरू लागली. मामांनी डावा पाय जमिनीवर दोनदा आपटला आणि जागच्या जागी गोठल्यासारखे झाले. आत खोलीतले सगळे ससे एकदम दबून बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सशांना शिस्त लावली आहे, सर." साहेब खूश झाले. मामा मात्र घार जाईपर्यंत हलले नाहीत. गेल्यावर मला हळूच म्हणाले, "जीव लहान, भ्या मोठं, बीएस्सी साहेब."

हे वाक्य ते नेहमी म्हणत. ते सशांविषयी बोलतात असे मला वाटे.

एका दुपारी बॉयलरची वाफ मोठ्या आवाजाने सुटली. धोक्याचे काही नव्हते, पण पत्रे थरथरले. थोड्या वेळाने मी सशांच्या खोलीत गेलो, तर मामा नाहीत. शोधले तर टेबलाखाली, घासाच्या पोत्यामागे. गुडघे छातीशी, दोन्ही हात हनुवटीखाली मुडपलेले, डोळे उघडे आणि नाक भराभर हलते आहे. मी हाक मारली. ओ नाही. शेवटी मीही फरशीवर बसलो, काय करावे ते न सुचून. बऱ्याच वेळाने ते नाक हलायचे थांबले.

"दार लावा," मामा म्हणाले.

मी लावले.

"कुणाला सांगू नका."

"काय सांगू नको, मामा?"

"मी ससं हाय त्ये."

मी हसलो नाही, एवढे खरे. पण हसू आले होते. मामांनी ते पाहिले आणि मान खाली घातली. लाज लपवणाऱ्या माणसाचा चेहरा मी ओळखतो. कॉलेजात कोणी वडिलांचा व्यवसाय विचारला की मीही असाच जमिनीकडे बघत असे.

मग त्यांनी सांगितले ते असे. कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. पेटीत घालताना एका सशाने हातातल्या हातात अशी लाथ झाडली की त्याची पाठच मोडली. मामांनी त्याला छातीशी धरले. त्याचे काळीज त्यांच्या छातीवर धडधडत होते. मग ते थांबायला हवे होते.

"थांबलं न्हाई, साहेब. हितं आत आलं." त्यांनी बंडीवर हात ठेवला. "तवाधरनं कवा कवा म्या ऱ्हातच न्हाई. त्योच ऱ्हातो. कानबी येत्यात. आन् तवा निस्तं भ्या वाटतं. सावलीचं भ्या, चपलंचं भ्या."

"आणि आता?"

"आता म्या हाय. आन् लाज वाटतीया."

त्यांची भीती एकाच गोष्टीची होती. हौसाला दिवस गेले होते. "जावईबापूंच्या कानावर ग्येलं तर तिला मोशीला आणून सोडत्याल. तिला आई न्हाई. आन् पोटातल्याला काय म्हणत्याल लोकं? सशाचा नातू." बोलता बोलता त्यांचे त्यांनाच हसू फुटले आणि लगेच डोळे भरले. मी शब्द दिला की फिटरला कळणार नाही.

पुढे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचले की माणसाला आपण जनावर आहोत असे वाटण्याचा एक दुर्मीळ आजार असतो आणि त्याला मोठे नाव आहे. ते नाव वाचून मला तेव्हा आपण काहीतरी मिळवले असे वाटले होते. मामांना ते नाव सांगण्यासारखे नव्हते.

उपाय त्यांनीच काढला. शनिवारची तपासणी संपल्यावर मी थर्मामीटर धुऊन ठेवत होतो. मामा जवळ आले. "साहेब, तुमी शिकलेलं. सशाचं किती भरतं?"

"एकशे दोनच्या वर."

"आन् माणसाचं?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"मग माजं बगा. म्हंजी कळंल."

मी घरून तोंडात धरायचा थर्मामीटर आणतो म्हणालो. तो त्यांना नको होता. ज्याने सशांचे बघता त्यानेच माझे बघा, म्हणाले, माप एकच पाहिजे. आता सशाचा थर्मामीटर कुठे लावतात हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. मी तो साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, पुन्हा धुतला, आणि बरीच घासाघीस होऊन शेवटी आमची काखेवर तडजोड झाली. मामा स्टुलावर डोळे मिटून बसले. ओठ हलत होते. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी मुठीत धरली होती.

पारा सत्त्याण्णवाच्या थोडा पुढे होता.

"म्हंजी?"

"म्हणजे माणूस."

"अगदी?"

"अगदी माणूस, मामा."

त्यांनी माळ सोडली. कोर्टातून निर्दोष सुटलेल्या माणसासारखे ते खोलीभर बघू लागले. मग मला नमस्कार केला. मी नको नको म्हणालो, पण आत कुठेतरी मला तो आवडला. बी.एस्सी. झाल्याचे सार्थक झाले असे त्या दिवशी वाटले.

पुढे हा आमचा शनिवारचा नेमच झाला. सगळे गेले की मामा दार लोटून घेत, स्टुलावर बसत आणि काख उघडत. मी पारा वाचीत असे. "माणूस," मी म्हणे. "बरं झालं," ते म्हणत आणि सायकलींच्या रांगेपुढून ताठ मानेने मोशीच्या वाटेला लागत. टेबलाखाली जाणे कमी झाले. मला वाटू लागले की विज्ञानाने मामांना बरे केले.

मग फ्लूची ती मोठी साथ आली. पुण्यात घरटी माणसे आडवी झाली, आमच्याकडेही निम्मी शेड रिकामी दिसू लागली. त्या शनिवारी मामा आले तेच लाल झालेल्या डोळ्यांनी. अंगाची धग लांबून लागत होती. मी म्हणालो, "मामा, आज राहू द्या. तुम्हाला ताप आहे."

"शनवार हाय," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

पारा एकशे दोनच्या पुढे गेला होता.

मी तो झटकायला हात उचलला, पण त्यांनी मनगट धरले. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण पारा एरवी कुठे थांबतो ती जागा त्यांना ठाऊक होती. ते नुसते बघत राहिले.

"हा फ्लू आहे, मामा. माणसालाही ताप चढतो. काशिनाथला चढला होता, साहेबांना चढला होता. चार दिवसांत उतरेल." मला येत होते तेवढे सगळे मी सांगितले. जंतू सांगितले, रक्त सांगितले. मामा मान हलवीत होते, शिकलेल्या माणसापुढे हलवायची तशी.

"माप एकच," ते म्हणाले. "तुमचा दोष न्हाई, साहेब."

ते उठले आणि सशांच्या खोलीत गेले. मी डॉक्टरांना निरोप धाडायला ऑफिसात गेलो. परत आलो तो खोलीच्या दारात माणसे जमलेली. शिफ्ट सुटायची वेळ होती. मामा कोपऱ्यात घासाच्या ढिगावर बसले होते, टेबलाखाली नाही, सगळ्यांच्या समोर. मुंडासे कुठेतरी पडले होते. मी इतक्या दिवसांत त्यांचे डोके प्रथमच उघडे पाहिले. पांढरे, विरळ केस, लहान मुलासारखे. नाक हलत होते.

"मामा, घ्या की, कवळा हाय," काशिनाथने घासाची जुडी पुढे केली. सगळे हसले. मामांनी मान पुढे काढून जुडी तोंडाने धरली आणि चावू लागले. हसणे आणखी वाढले, पण आता त्यात काहीतरी बिघडले होते. मी गर्दीतून आत शिरू लागलो आणि तेवढ्यात मागून फिटरचा आवाज आला.

"काय तमाशा लावलाय?"

वाट झाली. फिटर पुढे आला आणि त्याने पाहिले. बॉयलरचा लाल उजेड तोंडावर पडल्यासारखा तो कानांपर्यंत लाल झाला. सासरा त्याच्याकडे बघून उठला नाही, भिंतीला लागला नाही. त्याच्या अंगाला थरकाप सुटला, एवढेच.

"मामा, उठा."

मामा आणखी दबले.

"उठा म्हणतो ना!" फिटर ओरडला. मामांनी पाय आपटला, दोनदा, आणि पिंजऱ्यांतले ससे धडपडू लागले. फिटर एक पाऊल मागे सरला. बॉयलर फुटला असता तरी हा माणूस मागे सरला नसता. तो इकडेतिकडे बघून कुणाला तरी म्हणाला, "आमच्या खोलीवर जा. हिला बोलवा."

त्यांची खोली कारखान्याच्या मागच्या चाळीत होती. हौसा आली ती पदर खोचूनच, पोट पुढे, एका हाताने भिंत धरत. तिने बापाकडे पाहिले आणि मग आम्हा सगळ्यांकडे. एकेकाची नजर खाली गेली, आणि काशिनाथने हातातला उरलेला घास पाठीमागे लपवला. त्याला तो टाकताही येईना.

हौसा जड अंगाने फरशीवर बसली. "आबा," ती म्हणाली, "आबा, म्या हाय." तिने हात जमिनीलगत ठेवला, तळवा वर, आणि वाट पाहत बसली. कुणी तिला शिकवले असेल? कितीतरी वेळाने मामांनी तोंड पुढे केले आणि तिच्या तळव्यावर ठेवले. तापाची धग तिच्या हाताला लागली असावी, कारण ती एकदम नवऱ्याला म्हणाली, "अहो, उचला यांस्नी. घरी न्या."

फिटरने सासऱ्याला उचलले. मी मुंडासे शोधून हातात घेतले आणि मागून चालू लागलो. वाटेत तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बीएस्सी, तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"बरेच दिवस."

"मला न्हाई सांगितलं."

"त्यांनीच नको म्हटलं होतं. तुम्ही हौसाबाईंना परत पाठवाल म्हणून."

तो चालायचा थांबला. हातात सासरा, वर चाळीच्या गॅलरीत बायका. "माझं भ्या?" तो म्हणाला. "घरच्या माणसाला माझं भ्या?" मग तो पुन्हा चालू लागला. पण त्याची मान त्या दिवशी जी खाली झाली ती मी नंतरही पुरती वर आलेली पाहिली नाही.

तीन-चार दिवस मामा त्या खोलीत होते. डॉक्टरांनी औषध दिले. मी रोज संध्याकाळी जाई. मामा भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर दबून असत. भांड्याला तोंड लावीत नसत. हौसा ताकात भाकरी कुस्करून तळव्यावर धरी, तेवढे खात. पाणीही ओंजळीतून पीत. ती न कंटाळता दिवसातून कितीदा तरी तशी बसे. मला ते पाहवत नसे, आणि उठून जाताही येत नसे.

मग ताप उतरला. मी गेलो तेव्हा मामा भिंतीला टेकून बसले होते, माणसासारखे. डोळे खोल गेलेले, पण ओळख असलेले.

"बीएस्सी साहेब, म्या हितं कसा?"

"ताप होता तुम्हाला. डोक्यात गेला होता."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. सगळे आठवत असावे, किंवा माझ्या तोंडावर वाचले असावे. आता ते विचारतील, कोण कोण हसले, कुणी कुणी पाहिले, असे मी मनात धरून उत्तरे जुळवत होतो. त्यांनी त्यातले काही विचारले नाही. खोलीभर नजर फिरवली, चुलीवर, भाकरीच्या टोपल्यावर, आणि ते एकदम अवघडले.

"हौसे, म्या हितं खाल्लं काय?"

हौसा चुलीशी वळली. "आजारपणात कुटं काय बगत्यात, आबा."

"इचारतोय त्ये सांग."

"भाकर. ताक."

"तुज्या हातचं."

"माज्या हातचं," ती पुटपुटली.

मामांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी अन्नाला शिवत नाही. मोशीची जुनी माणसे तर पाण्यालाही नाही. मामा इतके दिवस त्या चाळीवरून जात-येत होते, उन्हातान्हातून, पण आत येऊन घोटभर पाणी कधी प्यायले नव्हते. आणि आता चार दिवस, तिच्या तळव्यावरून. सगळ्या कारखान्यासमोर जे झाले त्याचे त्यांना काहीच वाटले नसेल असे नाही. पण घोंगडीखाली ते हुंदके देत होते ते यासाठी.

फिटर दारात उभा होता. केव्हा आला ते कळले नाही. तो चपला काढून आत आला आणि सासऱ्याच्या समोर खाली बसला.

"मामा, ऐका माझं," तो म्हणाला. "त्ये तुमी खाल्लंच न्हाई. तवा तुमी नव्हताच. ससा होता त्यो. मी सवता बघितलाय. आख्ख्या कंपनीनं बघितलाय. सशाला कुठला आलाय जावई आन् कुठली आलीय रीत? त्यो आला, खाऊन गेला. तुमचा काय संबंध?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. ज्या गोष्टीच्या भीतीने मामांनी दिवस काढले होते, ती तो स्वतःच्या तोंडाने म्हणत होता, आणि सुटायची वाट म्हणून पुढे करीत होता. मामांनी नुसते 'व्हय' म्हटले असते तरी सगळी लाज त्या सशाच्या डोक्यावर गेली असती.

घोंगडी हलली. मामांनी तोंड बाहेर काढले.

"न्हाई, जावईबापू," ते म्हणाले. "ससं असतो तर आज तोंड लपवलं नसतं. त्याला भ्या असतं. लाज नसती." ते थांबले, धाप लागली होती. "म्या हाय हितं. म्याच खाल्लं."

माझ्या खिशात थर्मामीटर होता. तो मी काढला नाही.

त्याच संध्याकाळी मामांनी घरी जायचा हट्ट धरला. अंगात उभे राहायची ताकद नव्हती, पण त्या छपराखाली त्यांना आणखी एक वेळ नको होती. फिटरने मोशीकडे जाणारी एक बैलगाडी गाठली आणि सासऱ्याला धरून वर बसवले. मुंडासे त्याने आपल्या हाताने बांधले. ते नीट बसले नाही, मामांनी ते सोडून पुन्हा बांधले.

कामावर मामा परत आले नाहीत. हौसाला कुणी मोशीला आणून सोडले नाही. कारखान्यात त्या दिवसाविषयी कुणी बोलले नाही, काशिनाथसुद्धा. सशांवर नवा माणूस आला. तो घास सरळ ओतून मोकळा होई. मामांना पुन्हा तसे झाले का, मला माहीत नाही. बरे झाले असे मी म्हणणार नाही. त्या बाबतीत मी पूर्वी फार लवकर बोललो होतो.

श्रावणात मला दुसरीकडे शिक्षकाची नोकरी लागली. जाण्याआधी हौसाचा निरोप घ्यावा म्हणून मी चाळीकडे गेलो, तर समोरच्या रस्त्यावरील मोरीच्या कठड्यावर मामा बसलेले. मांडीवर गवार आणि भेंडीची गाठोडी. मोशीहून चालत आले होते, घामाने बंडी अंगाला चिकटली होती. हौसाला आता चालवत नव्हते. ती हळूहळू बाहेर आली, गाठोडी घेऊन आत ठेवली आणि पितळी लोटा भरून पुन्हा आली.

"आबा, पाणी."

"नको गं."

"घोटभर. लांबनं आलाय."

"तू मोकळी हो, मग यीन," मामा म्हणाले. "मग जेवायलाच बसंन. आता नको."

ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. मामा उठले, मला पाहिले, ओळखीचे हसले, आणि सार्वजनिक नळाकडे गेले. तिथे बायकांच्या हंड्यांची रांग होती. ते रांगेच्या शेवटी उभे राहिले, उन्हात, तोंडाला कोरड पडलेली. कुणी बाई म्हणाली, "आजोबा, या पुढं." त्यांनी मान हलवली. पाळी आल्यावर ओंजळीने पोटभर प्याले, मुंडाशाच्या टोकाने तोंड पुसले आणि मोशीच्या वाटेला लागले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

ते वळणाआड जाईपर्यंत हौसा भरला लोटा धरून उंबऱ्याबाहेर उभी होती. मग तिने तो तोंडाला लावला, उभ्यानेच सगळे पाणी प्यायली आणि आत गेली.